डीनाचा टॉर्च

गुरुवारी शाळा सुटल्यावर डीनाची आई लीअ‍ॅन फाटकापाशी थांबली. "मिस, डीना म्हणते, उद्या वर्गात कुणी खऱ्या ज्यू बाई येणारेत. खऱ्या म्हणजे?"

"मिसेस पर्लमन, शेफील्डहून. डीनानं जे जे सांगितलं ते मुलं त्यांना दाखवणार आहेत. फलक भरलाय नुसता!"

लीअ‍ॅनचा चेहरा उतरला. "डीनानं काय सांगितलं?"

मी सांगायला लागले, की ज्यू लोक शुक्रवारी तळलेला मासा आणि चिप्स खातात, समुद्रावर गेलेल्यांसाठी खिडकीत टॉर्च लावून ठेवतात... तिनं तोंडावर हात ठेवला.

"अहो, आमच्यात कुणी काही पाळत नाही. नवऱ्याचे आजोबा ज्यू होते, त्यांचं आडनाव तेवढं राहिलंय. टॉर्च आम्ही लावतो, कारण तिचा बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतो. आणि चिप्स काय, शुक्रवारी आमचं अख्खं ग्रिम्स्बी गाव चिप्स खातं!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळ्यांसमोर तिला खोटं पाडू नका हं. आत्ता कुठे बोलायला लागलीय."

ते मला तिच्याइतकंच माहीत होतं. सप्टेंबरात डीना आमच्या तिसरीत आली, आणि नाताळपर्यंत 'हो मिस' सोडून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. डबा एकटी खायची. जानेवारीत जगातल्या धर्मांचा धडा आला. हजेरीत 'अ‍ॅडलर' वाचून मीच मोठ्या हौसेनं विचारलं, "डीना, तुमच्या घरी शुक्रवारी काय करतात, सांगशील?" तीस माना तिच्याकडे वळल्या. ती बुटांकडे बघत राहिली आणि मग बोलली. दर मंगळवारी त्या तासाला थोडं थोडं बोलायला लागली. टिलीनं तिला शेजारी बसवलं, वाढदिवसाला बोलावलं. डीना बोलतेय याचा मला इतका आनंद झाला होता, की ती काय बोलतेय हे पडताळून बघावंसं वाटलंच नाही.

शुक्रवारी माझ्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईंकडे अर्धा तास आधीच सोडलं. निघताना ते माझा स्वेटर सोडेना. एकेक बोट सोडवलं आणि शाळा गाठली. फलकाच्या पिना काढायला लागले. दोन निघाल्या, तोच मागून आवाज आला.

"काय करताय, मिस?"

दारात डीना. शाळेत सकाळच्या नाश्त्याला लवकर येणाऱ्यांतली ती, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"खोटं आहे म्हणून काढताय?"

"डीना..."

"खोटं नाहीये. आम्ही लावतो टॉर्च."

"अगं, पण ज्यू लोक लावतात असं का सांगितलंस?"

"तुम्ही तसंच विचारलंत."

मी दोन्ही पिना परत टोचल्या.

दहाला मिसेस पर्लमन आल्या. बुटक्या, रेनकोट घातलेल्या, चाकांची बॅग ओढत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यात लावतात त्या दोन मेणबत्त्या त्यांनी मांडल्या, वेणीसारखा पाव काढला. मुलं पुढे सरकली. मी मात्र डीनाकडे बघत होते. ती स्वेटरचं एकच बटण काढत होती आणि लावत होती.

"पण तुम्ही टॉर्च का नाही लावत?" बार्नीनं विचारलंच. "डीनाकडे लावतात. तिकडे लिहिलंय बघा."

मिसेस पर्लमन उठल्या. चष्मा घातला. फलकावरची ओळ न् ओळ वाचली, शेवटपर्यंत.

"हे आमच्यात नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे डीनानं थाप मारली?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. टिलीनं आपली खुर्ची वीतभर बाजूला घेतली. डीनाचं बटण तुटून हातात आलं.

"थाप नाही," मी उठून म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "चूक माझी आहे. मी तिचं आडनाव वाचलं आणि ज्यू लोकांबद्दल तिला विचारलं. तुम्हाला कुणाला असं विचारलं का मी? बार्नी, सांग, ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात?"

बार्नी गडबडला. "मी कुठे ख्रिस्ती... म्हणजे, आहे बहुतेक. आजी कोंबडी भाजते. बाबा गाडी धुतो."

"आणि चर्च?"

"एकदा गेलेलो. मावशीच्या लग्नाला. पण ते लग्न मोडलं."

वर्ग हसला. डीना हसली नाही, आणि मिसेस पर्लमनही नाहीत. त्या तिच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठल्या खिडकीत लावता गं?"

आता गप्प झाली, तर ही पोर पुन्हा बोलायची नाही.

"वरच्या," ती हातातल्या बटणाकडे बघत म्हणाली. "समुद्राकडच्या."

"बाबांना दिसतो?"

"नाही. ते खूप लांब असतात."

"मग कशाला लावता?"

डीनानं बटण मुठीत आवळलं. "तो लावला की आई चिप्स खाते. नाहीतर नुसतीच बसते."

कुणीच हसलं नाही. मिसेस पर्लमननी मान हलवली, जणू कुणी त्यांच्याच घरचं काही सांगत होतं.

मी फलकावरचा कागद काढला आणि पेनासकट डीनासमोर ठेवला. वर मथळा माझ्याच अक्षरात होता: 'ज्यू लोकांचा शुक्रवार'. तिनं तो वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग 'ज्यू लोकांचा' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आमचा'.

टिलीची खुर्ची करकरत परत जागेवर आली.

"आणि सेल संपले तर?" बार्नीनं विचारलं.

"तर नवे घालतो," डीना म्हणाली. "एवढंही कळत नाही तुला?"