वाढवून सांगितलेलं दुखणं

गल्लीत म्हातारीला सगळे रेडिओ म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. दूध आणायला बाहेर पडली की कोणाचं पोर नापास झालं, कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाची सून रुसून बसली, हे सगळं घेऊन ती परतायची. दूध मात्र कधीकधी दुकानातच राहायचं. त्या दिवशीही ती बोलत बोलतच घरात शिरली, तर मुलगा दाराकडे तोंड करून उभा. एक डोळा हातानं झाकत होता, उघडत होता, पुन्हा झाकत होता.

"काय खेळ मांडलाय सकाळी सकाळी?"

"आई, या डोळ्याला कडेनं काळं दिसतंय. कोणी पडदा ओढत आणल्यासारखं."

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या विहिरीत उतरायचं, एका हातानं आधार धरायचा, दुसऱ्यानं पाना फिरवायचा. तिथं पुढची पायरी नक्की किती लांब आहे, हे दोन्ही डोळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. सून लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. तिनं फोनवर सुट्टी मागितली आणि दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात निघाली. म्हातारीला घरी ठेवावं असं दोघांच्याही मनात होतं, पण ती त्यांच्याआधीच चपला घालून जिन्यात उभी होती.

दवाखान्यात आधी एका शिकाऊ डॉक्टरनं माहिती विचारून घेतली. "केव्हापासून होतंय हे?" त्यानं विचारलं.

मुलगा तोंड उघडणार, तोच म्हातारी बोलली. "अहो, लहानपणापासून नाजूकच डोळा त्याचा. शाळेत चेंडू लागला होता, तेव्हापासूनचं धरून चाला. किती वर्षं मागे लागलेय, दाखवून घे, दाखवून घे म्हणून. ऐकतो कुठं?"

खरं तर चेंडू कपाळाला लागला होता आणि पोरगा लिमलेटची गोळी मिळताच रडायचा थांबला होता. 'दाखवून घे' असं म्हातारी आजवर एकदाही म्हणाली नव्हती, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच. पण तिचा जन्म दवाखान्यांच्या रांगेत शेवटी उभं राहण्यात गेला होता. 'जरा बरं नाही' म्हणणाऱ्याच्या हातावर दोन गोळ्या ठेवून त्याला वाटेला लावतात, आणि 'आता काही खरं नाही' म्हणणाऱ्याकडे निदान मान वर करून बघतात, एवढं ती शिकली होती. चमचाभर दुखणं असलं तर ओंजळभर सांगावं, असं तिचं गणित. शिवाय आईनं हयगय केली असं कोणी म्हणायला नको. मुलानं, आई चारचौघांत बोलू लागली की मुलं घालतात तशी, मान खाली घातली. शिकाऊ डॉक्टरनं टाइप केलं.

मग मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेला फाटून सुटत चालला होता. "मधला भाग अजून जागेवर आहे, हे तुमचं नशीब," ते म्हणाले. "तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचेल. उद्या-परवाच करून टाकू. विमा आहे ना?"

विमा होता. गेल्याच वर्षी काढलेला. सुनेनं कार्ड काउंटरवर ठेवलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं संगणकावरचं वाचून सांगितलं की विमा कंपनीनं मंजुरी नाकारली. आजार विमा काढायच्या आधीपासूनचा, लहानपणापासूनचा, आणि तो लपवून ठेवलेला.

म्हातारी पुढे सरसावली. "कोणी सांगितलं त्यांना लहानपणापासूनचा म्हणून?"

"तुम्हीच," मुलगी म्हणाली. ती उद्धटपणे बोलली नव्हती. समोर लिहिलेलं तेवढं तिनं वाचलं होतं.

कोणीतरी म्हातारीला बाकावर बसवलं.

पुढचे दिवस सुनेनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं की त्या चेंडूचा आणि या आजाराचा काडीचा संबंध नाही. कंपनीनं कळवलं की नकार आल्यानंतर केलेला खुलासा विचारात घेता येत नाही. फोन लावला की आधी वाद्यं वाजायची, मग एक बाई गोड आवाजात सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पुन्हा वाद्यं. सून एका हातात इस्त्री धरून, खांद्यानं फोन कानाशी दाबून ती वाद्यं ऐकत राहायची. अनामत भरल्याशिवाय दवाखाना ऑपरेशन करणार नव्हता. ती भरण्याइतकं घरात काही नव्हतं, आणि ज्यांच्याकडे हात पसरायचा ते आपल्याच पंक्तीतले. धर्मादाय दवाखान्यानं तारीख दिली, ती पुढच्या आठवड्यातली.

मुलगा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कुशीवर पडून असायचा. सकाळी उठून चांगला डोळा झाकायचा आणि दाराकडे बघायचा. आधी बिजागऱ्या गेल्या. मग अर्धं दार गेलं. एकदा बायको चहा घेऊन समोर आली, तर तो म्हणाला, "थांब जरा. अजून तुझा एक गाल दिसतोय." तिनं कप हातात धरून तशीच वाट पाहिली.

शेवटी म्हातारीनंच सुनेकडे हट्ट धरला की मला त्या कंपनीत ने, मी बोलले तर मीच निस्तरते. कंपनीच्या कचेरीतला अधिकारी भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

"आजी, एक मार्ग आहे," तो म्हणाला. "तुम्हाला वयामुळे विसरायला होतं, आपण काय बोलतो ते कळत नाही, असं लिहून द्या. मग ती नोंद चुकीची धरता येईल. मी वर पाठवतो."

"आई, असलं काही लिहून देऊ नका," सून म्हणाली. सासू म्हणजे अख्ख्या गल्लीच्या जन्मतारखा तोंडपाठ असणारी बाई.

"अगं, वेडी म्हण, खुळी म्हण, काय हवं ते लिही म्हणावं. त्याच्या डोळ्यापुढे माझं शहाणपण काय चाटायचंय?" आणि तिनं ठसठशीत सही केली.

उत्तर आलं. ज्या व्यक्तीनं आपली स्मृती भरवशाची नाही असं स्वतःच मान्य केलं आहे, तिनं आता केलेला खुलासा ग्राह्य धरता येत नाही. पहिली नोंद कायम.

सून धावत त्या कचेरीत गेली. "तुम्हीच सांगितलं होतं ना असं लिहायला?"

"मी पाठवलं ताई," अधिकारी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "निर्णय वरून येतो."

या सगळ्या साखळीत दुष्ट असं कोणीच नव्हतं, वाचकहो. काउंटरवरची मुलगी नीट बोलली, अधिकाऱ्यानं पाणी दिलं, फोनवरच्या बाईचा आवाज तर गोडच होता. घाबरलेल्या आईच्या तोंडातून निसटलेलं एक वाक्य सगळ्यांनी मिळून जपून ठेवलं आणि पोराचा डोळा जाऊ दिला. चोर घरात शिरला तर आपण आरडाओरडा करतो. हा दरोडा मात्र कागदोपत्री बिनचूक होता, म्हणून आपण तो मुकाट्यानं बघतो, आणि आपल्या घरी वेळ आलेली नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो.

धर्मादाय दवाखान्यात तारखेला ऑपरेशन झालं. तोवर मधला भागच काय, सगळा पडदा सुटून गेला होता. सुनेनं ग्राहक न्यायालयात तक्रार गुदरली आहे. तारखा पडताहेत, आणि ती लॉन्ड्रीतून सुट्टी मागून प्रत्येक तारखेला जाते. न्याय मिळेलही. डोळा न्यायालयाच्या हातात नाही, हे तिला ठाऊक आहे.

म्हातारीचं बोलणं आटलं. दूध आता न विसरता घरी येतं. गल्लीतल्या बायका विचारतात, बरं नाही का, तर ती नुसती मान हलवते.

धर्मादाय दवाखान्यात पट्टी काढली त्या दिवशी मात्र ती मुलाच्या खुर्चीमागे उभी होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा चांगला डोळा झाकला आणि टॉर्च लावला.

"काही दिसतंय? उजेड तरी?"

मुलाला मागे आईचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, "हो. थोडा उजेड आहे. येतोय हळूहळू."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. म्हातारीनं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं आहे तेच सांग बाळा," ती म्हणाली. "मायेपोटी बोललेलं इथं चालत नाही."

"अंधार आहे," तो म्हणाला.

बाईंनी तसं लिहून घेतलं.