गप्प बसलेल्या कर्ण्याचा खटला

मी कर्णा बोलतोय. लाउडस्पीकरचा कर्णा, ॲल्युमिनियमचा, तोंड परातीएवढं. अहो दचकताय काय, बोलणं हाच तर माझा धंदा! भर कार्यात मी एकदाच गप्प बसलो आणि नेमकं त्यावरूनच माझ्यावर कोर्टकचेरी झाली. कुंभकोणमात कर्णे पुष्कळ झाले, पण ग्राहक मंचाच्या अध्यक्षांपुढे गाऊन दाखवलेला मी एकटाच. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो.

माझा जन्म मद्रासच्या एका कारखान्यात झाला. ब्याऐंशी साली कृष्णमूर्तींनी मला विकत घेतलं आणि कुंभकोणमपर्यंत बसमध्ये मांडीवर बसवून आणलं. टपावर टाकायला सांगणाऱ्या कंडक्टरशी ते भांडले. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, कामाक्षीबाईंनी, मला कुंकू लावलं आणि माझ्या पोटात लाल रंगानं लिहिलं गेलं, ‘पांडुरंग साउंड सर्विस’.

यांचे पूर्वज तंजावूरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेले. बाहेर सगळे तमिळ बोलायचे आणि उंबरठ्याच्या आत आले की मराठी. तेही असं जुनं, की पुण्याचे एक पाहुणे ‘मज पाणी दे’ ऐकून हसत सुटले. मला त्यांचा राग आला. मी हीच मराठी ऐकत वाढलोय, ती मला गोडच लागते.

आमच्या कामाची एक रीत होती. पहाटे पाचला पहिलं गाणं गणपतीचं. मग देवाची गाणी, आणि ऊन वर आलं की सिनेमाची. आत नादस्वर, म्हणजे आमच्याकडची लग्नाची सनई, सुरू झालं की मी आवाज खाली घ्यायचा. वऱ्हाड दारात आलं की कुठलं गाणं, नवरी निघताना कुठलं, हे कृष्णमूर्ती स्वतः ठरवत. त्यात कुणाचं ऐकत नसत. हल्ली अशा माणसाला डीजे म्हणतात म्हणे. आमच्याकडे माइकसेटवाला म्हणत, पण मान तेवढाच होता. नवरात्रात अवजारांच्या आयुधपूजेला मला गंध, फुलं आणि सगळ्यात मोठा हार! ॲम्प्लिफायर जळायचा माझ्यावर.

आता मूळ गोष्ट. एक्क्याण्णव सालच्या वैशाखात, रेशमी साड्यांचे व्यापारी वरदराजराव यांची मुलगी अंबुजा हिचं लग्न होतं. ठरावाच्या कागदावर लिहिलेलं, ‘पहाटे पाचपासून जेवणं आटपेपर्यंत अखंड.’ कृष्णमूर्तींनी मला वरदराजरावांच्या गच्चीच्या कठड्याला काथ्याच्या दोरीनं बांधलं. तोंड मागच्या गल्लीकडे केलं, कारण वरपक्ष तिकडच्या घरात उतरला होता. पाचच्या ठोक्याला मी सुरू झालो. काय लागला होता माझा आवाज त्या दिवशी!

सात वाजता कृष्णमूर्ती माझी दोरी आवळायला वर आले आणि त्यांनी खाली पाहिलं. माझ्या तोंडासमोरच शेजारच्या वेदवतीबाईंच्या घराचं अंगण होतं. अंगणात त्यांचे यजमान व्यंकटरमणराव यांना खाली निजवलेलं. डोक्याशी दिवा. सून रडत होती, पण पदराचा बोळा तोंडात कोंबून. वेदवतीबाई तिला दटावत होत्या. शेजारी लग्न आहे, मंगळसूत्र बांधून होईपर्यंत आपलं दुःख शेजाऱ्याच्या दारात न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. त्यांनी कृष्णमूर्तींना हात केला, दोनदा हलवला आणि मग दोन्ही हात जोडले.

कृष्णमूर्ती धावत खाली गेले आणि मला बंद केलं. नादस्वर आत चालूच राहिलं. ते मंगल, ते थांबवायचं नसतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडावर सिनेमाची गाणी मारत राहणं त्यांच्यानं होईना.

वरदराजराव लालबुंद होऊन आले. “अरे, व्याही निघालेत तिकडून! कर्णा का गप्प?”

आता खरं सांगायची सोय नव्हती. लग्नघरात मरणाची बातमी द्यायची कशी? कृष्णमूर्ती म्हणाले, “अण्णा, युनिट जळलं. क्षमा करा.”

युनिट जळलं! माझं! म्हणजे माझा गळाच म्हणा ना! मी धडधाकट, कठड्यावर बांधलेला आणि खाली माझ्या नावानं शिमगा. वरपक्षाचं कुणीतरी हसून म्हणालं, “मोडका सेट मिळाला वाटतं यांना.” वरदराजरावांच्या ते जिव्हारी लागलं.

महिन्याभरात ग्राहक मंचाची नोटीस आली. वरदराजरावांना पैसा नको होता. लेखी कबुली हवी होती, की पांडुरंग साउंड सर्विसचा सेट बिघडलेला होता आणि तो तसाच लग्नात लावला. त्या कागदावर सही केली असती, तर पुन्हा कुणी आम्हाला दारात उभं केलं नसतं.

“खरं काय ते सांगून टाका,” कामाक्षीबाई म्हणाल्या. “मुहूर्त केव्हाच होऊन गेला.”

“मुहूर्त झाला, पण अंबुजा आत्ता कुठं सासरी गेलीय,” कृष्णमूर्ती म्हणाले. “लग्नाच्या वेळी शेजारी प्रेत होतं हे तिच्या सासूस कळलं, तर उद्या त्या घरात म्हैस आटली तरी खापर पोरीच्या माथी. मज नाही जमायचं.”

मग सहीही करायची नाही आणि खरंही बोलायचं नाही! तारखांवर तारखा पडल्या. वरदराजरावांचा वकील विचारी, “युनिट जळलं असं तुम्हीच म्हणालात ना?” कृष्णमूर्ती म्हणत, “म्हणालो.” “मग सेट बिघडला होता?” हे म्हणत, “नाही.” अध्यक्ष कपाळाला हात लावत. इकडे गावभर चर्चा झाली आणि दोन लग्नसराया मी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर काढल्या. उंदीर अंगावरून जात. तेवढं अपमानाचं आयुष्य कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, सेटच इथं आणा. तर मी पुन्हा मांडीवर बसून तंजावूरला गेलो. मंचाच्या आवारात मला कडुनिंबाला बांधलं आणि कृष्णमूर्तींनी गणपतीचं गाणं लावलं. दोन वर्षं साचलेला आवाज होता माझा! टायपिस्ट उठून खिडकीत आले, चहावाल्यानं किटली खाली ठेवली. गाणं संपलं तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

वकील शांतपणे म्हणाला, “आज वाजला. त्या दिवशी का वाजला नाही?”

कृष्णमूर्ती पुढे होऊन माझी दोरी सोडू लागले. अध्यक्षांनी लेखणी उचलली. आणि फाटकातून वेदवतीबाई आत आल्या. त्यांच्या मागे अंबुजा, कडेवर चार महिन्यांचं बाळ.

तेराव्यानंतर वेदवतीबाई मुलाकडे तिरुचीला गेल्या होत्या, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परत आल्यावर कामाक्षीबाईंनी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. पण त्या तडक कोर्टात आल्या नाहीत. आधी बाळंतपणाला माहेरी आलेल्या अंबुजाकडे गेल्या, बाळ पाहिलं, सासरी सुखात आहेस ना म्हणून विचारलं, आणि मग सगळं सांगितलं. अंबुजा म्हणाली, “मामी, चला, मीही येते. सासूबाईंचं मी बघून घेईन.”

अध्यक्षांपुढे वेदवतीबाईंनी तमिळमध्ये साक्ष दिली. त्या पहाटेचं अंगण, दिवा, सुनेच्या तोंडातला पदर, सगळं सांगितलं. मग त्या कृष्णमूर्तींकडे वळल्या आणि मराठीत बोलू लागल्या.

“पण तुज बंद कर म्हणून कुणी सांगितलं रे? मी हात केला तो चालू दे म्हणून! कर्णा थांबला तर लग्नघरास संशय येईल, म्हणून चालू दे. आणि आणखी एक होतं. पहाटे पाचला तुझं गणपतीचं गाणं लागलं. यांनी डोळे उघडले. चार दिवसांत पहिल्यांदा उघडले रे! मज म्हणाले, खिडकी उघड. गाणी ऐकत पडले होते. सव्वासहाला ऐकता ऐकताच गेले. मज वाटलं होतं, न्यायच्या वेळेपर्यंत त्यांच्या कानाशी ते असू दे.”

कृष्णमूर्ती रडले. भर कोर्टात, उपरण्यात तोंड घालून. मीही रडलो असतो, पण वीज काढून घेतली होती.

वरदराजराव उठून जवळ आले. “कृष्णमूर्ती, मज एवढं परकं धरलंस? दोन वर्षं शिव्या खाल्ल्यास, एक शब्द बोलला नाहीस.”

“अंबुजाचं लग्न होतं, अण्णा,” हे म्हणाले.

तक्रार तिथंच मागे घेतली. अध्यक्षांनी कागदावर लिहिलं, की सेट चालू स्थितीत होता. त्याची नक्कल चौकटीत घालून आमच्या दुकानात लावलीय. असं प्रमाणपत्र असलेला दुसरा कर्णा दाखवा मला!

पुढच्या वर्षी त्या बाळाचे कान टोचले, तेव्हा वरदराजरावांनी मलाच बोलावलं. तीच गच्ची, तोच कठडा. वेदवतीबाईंनी निरोप धाडला, “कर्ण्याचं तोंड आमच्या अंगणाकडे कर.” कृष्णमूर्तींनी केलं. पहाटे पाचला मी गणपतीचं गाणं सुरू केलं. खाली त्या घराची खिडकी उघडली, आणि ती दुपारची जेवणं आटपेपर्यंत उघडीच होती.

आता एकोणीसशे अठ्ठ्याण्णव चाललंय. माणसाएवढ्या उंच काळ्या पेट्या आल्यात, त्यांच्या आवाजानं भांडी पडतात. माझ्या काठाला पोचे आहेत, लाल अक्षरं पुसट झालीत. कधीतरी भंगारवाला येईल. येऊ दे, मी भीत नाही. माझी एवढीच विनंती आहे. मला हातात घेताना तो विचारेल, बिघडलाय का? तेव्हा कुणीतरी भिंतीवरची ती चौकट त्याला वाचून दाखवा.