सहा खोल्यांच्या भिंतीतलं रक्त

भिंतीतून रक्त निघतंय म्हटल्यावर दारव्ह्यात कोण घरी बसतो? सकाळी नऊच्या आतच घनश्यामशेठच्या सहा खोल्यांसमोर ही गर्दी. आठवडी बाजाराला निघालेले लोक काळीपिवळीतून मध्येच उतरून आले. पाटावर रक्तपारखी महाराज विराजमान होते. हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं, आईबापांना एवढी अक्कल कुठली! तांब्यातलं पिवळसर तीर्थ ते भिंतीवर शिंपडत, आणि थेंब पडेल तिथे लालभडक ओघळ उठत. शेठचा स्वतःचा बंगला शेजारीच होता. त्याच्या ऑइलपेंटवर मात्र तीर्थ मुकाट्याने पिवळंच राहिलं. घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, हे त्या रक्ताला बरोबर कळत होतं.

महाराजांनी डोळे फिरवून निदान केलं. या खोल्यांत जुना श्वास कोंडला आहे. राहायचं त्याने नव्या करारावर, दुप्पट भाड्याने राहावं. ज्याला झेपत नाही त्याने ‘राजीखुशीने खोली सोडतो’ असं लिहून द्यावं आणि अमावस्येच्या आत निघावं. भुतांना भाड्याचे चालू दर पाठ असतात, हे चौथ्या खोलीतल्या वच्छलाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि शेठ स्टँपपेपर घेऊनच आला होता. चमत्कार होणार हे त्याला आदल्या दिवशीच समजलं असावं.

वच्छलाबाई मंगल कार्यालयाच्या चादरी आणि टॉवेल धुऊन पोट भरायची. एकोणीस वर्षं याच अंगणातल्या दोरीवर ते वाळत होते. अंगण गेलं की धंदा गेला. दोन महिन्यांपूर्वी शेठने दुप्पट भाडं मागितलं, नाहीतर सामान बाहेर फेकीन म्हणाला. तेव्हा भाडेकरू मिळून यवतमाळला विमलताई वकिलांकडे गेले होते. भाडं वेळेवर देता, पावत्या जपून ठेवल्या आहेत, मग कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो तुम्हाला काढू शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेठ गप्प बसला. इतका गप्प, की परवा त्याने फुकटात सहाही खोल्यांना चुना मारून दिला. एकोणीस वर्षांत एक गळकं कौल न बदललेला माणूस! खरं तर लोकांनी त्याच दिवशी हात जोडायला हवे होते.

आता पाचव्या खोलीतल्या ऑटोवाल्या फुलचंदने पेन हातात घेतलं होतं.

“माही बायको पोटुशी हाय, वच्छलाबाई,” तो खाली मान घालून म्हणाला. “मी धोका नाई घेत.”

वच्छलाबाईने स्वतःच्या भिंतीकडे पाहिलं, आणि मग जरा जवळ जाऊन पाहिलं. हा लाल रंग कुठेतरी पाहिलेला होता. कुठे म्हणजे काय, रोजच्या टबात! हळदीच्या कार्यक्रमाचा टॉवेल, त्याला साबण लागला की असाच लाल व्हायचा. पहिल्यांदा झाला तेव्हा घाबरून तिने तो लपवून ठेवला होता.

तिने महाराजांच्या ताटातलं कापलेलं लिंबू उचललं आणि रक्तावर खसाखसा घासलं. रक्त पिवळं झालं.

देवी कोपेल, महाराज गरजले. बाई घरात गेली, कपड्यांचा साबण घेऊन आली आणि त्यांच्याच तांब्यातलं तीर्थ त्यावर ओतलं. साबण लालेलाल!

“आता माह्या साबणालेही भूत लागलं काय जी? ताज्या चुन्यावर हळद पडली का लाल होते. साबणावर बी होते. लिंबू पडलं का परत पिवळी. दर लगनसराईत मी हेच धुऊन राह्यली.”

गर्दीत आधी एक बाई हसली, मग सगळेच. महाराजांना एकदम दिग्रसच्या कुण्या भक्ताची आठवण झाली. दक्षिणा घेऊन गेले, लिंबं मात्र राहिली.

वच्छलाबाई फुलचंदकडे वळली. “रक्त दाखवाले होतं रे. शेठले तुही सही पायजे होती. कोर्टाबिगर त्याले काढता येत नाई, म्हणून आपल्याच पायानं आपण निघावं, एवढाच चमत्कार.”

फुलचंदने पेन शेठच्या हातात परत दिलं आणि कागदाच्या चार चिंध्या केल्या.

तर मंडळी, देव भाड्याबद्दल बोलायला लागला की भाडं कुणाच्या खिशात जातं ते आधी पाहा. भीती वाटली तरी सही करू नका. कागद वाचा, वकिलाला विचारा, आणि भिंतीला हात लावून पाहा.

एक तारखेला वच्छलाबाईने जुनंच भाडं शेठपुढे ठेवलं आणि पावती मिळेपर्यंत ती दारातून हलली नाही. पावती पदराला बांधून म्हणाली, “पुढल्या दिवाळीलेही असाच चुना माराजो, शेठजी. हळद मी आणीन.”