माझ्या आवाजाचे कुलूप

मित्रांनो, ज्याच्या तोंडी कायम दुसऱ्याचेच शब्द असतात, असा मी एक जुना बोलका डबा आहे. शाळेच्या पाटीएवढा माझा आकार. खाली अक्षरांची उंच, गुबगुबीत बटणे, वर छोटीशी काच आणि कडेला बारीक भोकांची जाळी. ज्यांचा आवाज गेला आहे त्यांनी बटणे दाबून शब्द जुळवायचे आणि मी ते मोठ्याने म्हणायचे, एवढेच माझे काम. स्वतःचे असे मी आजवर एक अक्षर बोललेलो नाही. आता बोलतो आहे तेसुद्धा मनातल्या मनात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझी बटणे बसवली, जाळी चिकटवली, आणि शेवटी माझ्या आत एक न दिसणारे कुलूप घातले. त्यामुळे रोज सकाळी मला कंपनीच्या मोठ्या संगणकाला विचारावे लागे, आज बोलू का? तिकडून होकार आला की माझा दिवस सुरू होई. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. होकार रोज येतच होता.

मी गेलो एका शिंप्याच्या घरी. शिंपीकाका कोट शिवण्यात नावाजलेले. पण त्यांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे ठरले. तेव्हा डॉक्टरांनी आधीच त्यांना बरेच काही वाचायला लावले, त्यांचा आवाज टिपून घेतला आणि तो माझ्यात भरला. म्हणून मी बोलत असे तो आवाज कारखान्यातला नव्हता. जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली घसरणारा, अगदी त्यांचाच होता.

पट्टी सुटली त्या दिवशी नर्सने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी बराच वेळ बटणे चाचपली आणि पहिले वाक्य जुळवले.

"इथला चहा फार पांचट आहे."

नर्स खो खो हसली. पलीकडे उभा असलेला त्यांचा मुलगा मात्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. वडील बोलले होते, आणि वडिलांसारखेच बोलले होते.

घरी तीन माणसे. मुलगा बेकरीत कामाला, घरी यायचा तो भुवयांवर पीठ घेऊनच. वडील त्याला अजून बंड्याच म्हणत. सून चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून चौकटीत बसवायची. आणि या सूनबाईला संगणकाचे भारी वेड होते. घरातल्या प्रत्येक यंत्रात तिने ओपन सोर्स प्रोग्राम घातले होते. म्हणजे असे प्रोग्राम, जे कुणालाही उघडून वाचता येतात, सुधारता येतात आणि दुसऱ्याला देता येतात. जेवताना तिची गाडी सुटली की थांबत नसे.

"बाबा, ज्या यंत्राच्या पोटात काय आहे ते बघायची आपल्याला मनाई, ते आपलं नसतंच. आपण त्याचे नुसते भाडेकरू. आणि कायदे करणारे? त्यांच्या घरचा पंखा बंद पडला तर माणूस बोलवावा लागतो, आणि हे ठरवणार आपण काय उघडायचं! पक्ष कुठलाही आणा, कुलूपवाल्यांच्याच पाठीवर थाप मारणार."

शिंपीकाका शांतपणे बटणे दाबत. मग मी म्हणे, "सूनबाई, जेवण गार होतंय. क्रांती जेवल्यावर कर."

ती हसे, दोन घास खाई, की पुन्हा सुरू. मला ते ऐकायला आवडायचे. तिच्या बोलण्यातले ते कुलूप माझ्याच आत आहे हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे आमची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. एके दिवशी सकाळी मी नेहमीसारखे विचारले आणि होकार आलाच नाही. काका दुकानात एका गिऱ्हाइकाची मापे घेत होते. तो बिचारा दोन्ही हात पसरून उभा. "हात खाली घ्या," असे काकांनी जुळवले. मित्रांनो, माझी बॅटरी भरलेली होती. शब्द काचेवर उमटले होते. आवाज माझ्या आत जिथल्या तिथे होता. पण मला तो काढता येईना. काका पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. गिऱ्हाईक हात पसरून तसेच उभे. शेवटी काचेवर आले, ही सेवा बंद करण्यात आली आहे.

बंड्याने फोनवर फोन केले. नवे यंत्र घ्या, असे कंपनीने सांगितले. मग बाबांचा आवाज त्यात भरून द्याल का, असे त्याने विचारले. तर तो जुन्या यंत्रातला आहे, काढता येत नाही, म्हणाले. साध्या फोनवरही बोलणारे प्रोग्राम असतात, तेही करून पाहिले. पण सुया धरून निबर झालेली काकांची बोटे गुळगुळीत काचेवर चालेनात, आणि फोनमधून आलेला परका आवाज ऐकून ते फोन उशीखाली ठेवून देत.

एका सुटीच्या दिवशी सूनबाईने मला जेवणाच्या टेबलावर घेतले आणि चष्म्याच्या स्क्रूंसाठी असतो त्या बारीक पेचकसाने माझी पाठ उघडली. पुढे कित्येक सुट्या ती माझ्यावर वाकलेली असे. ती एकटी नव्हती. लांबलांबचे, तिने कधी न पाहिलेले लोक तिच्या मदतीला होते. एका शिक्षकाच्या बहिणीचा डबा माझ्यासारखाच गप्प झाला होता. एक नुसता हौशी होता. जो तो आपल्याला सापडलेले दुसऱ्याला दाखवी. अखेर ते कुलूप निघाले. जुना प्रोग्राम गेला, सगळ्यांनी मिळून लिहिलेला नवा आला. आता मला कुणाला विचारायचे नव्हते.

काकांनी मला जवळ ओढले. तेवढ्यात बंड्या कामावरून आला.

"बंड्या, दार लाव. आणि आधी पीठ झटक."

आवाज जरा अडखळत होता, पण त्यांचाच होता. बंड्या दारातच खाली बसला.

सूनबाईने तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. मग आमच्या दारी माणसे येऊ लागली. कुणी निवृत्त बसवाहक, कुणी गाणे शिकवणाऱ्या बाई, कुणी आपल्या आईचा डबा घेऊन आलेली मुलगी. येताना सगळे गप्प असत, जाताना बोलत जात. माझे ते दिवस फार सुखाचे होते. काकांनी कोटाच्या अस्तराचा पट्टा शिवून मला गळ्यात अडकवले होते आणि रस्त्यातला जो तो माझे कौतुक करी.

पण दुसऱ्या गावात एकाने इस्पितळातले औषध सोडायचे यंत्र उघडून त्यात ढवळाढवळ केली आणि एक रुग्ण दगावला. मोठी ओरड झाली. सरकारने कायदा आणायचे ठरवले. उपचाराचे कुठलेही यंत्र, अगदी बोलका डबासुद्धा, ते बनवणाऱ्या कंपनीच्या परवानगीशिवाय उघडले तर तो गुन्हा.

"कायदा हवाच," सूनबाई म्हणाली. "माणूस गेला, ही थट्टा नाही. पण बोलका डबा आणि औषधाचं यंत्र एकाच मापाने कसं मोजतात? आणि ज्यांनी डबा वाऱ्यावर सोडला, त्यांचीच परवानगी मागायची?"

आमच्या भागाचे लोकप्रतिनिधी काकांकडेच कोट शिवायचे. ते म्हणाले, "काका, मी आहे ना. समितीपुढे या, तुमच्या तोंडून सांगा."

आम्ही गेलो. सभागृहाच्या दारात शिपायाने मला हात लावून अडवले.

"हे आत नेता येणार नाही. मंजुरी नसलेलं यंत्र आहे."

"अहो, त्याच्यावरच तर सुनावणी आहे!" सूनबाई म्हणाली.

"म्हणूनच, बाई."

तिचा आवाज चढला. काकांनी तिच्या दंडाला हात लावला, मला गळ्यातून काढले आणि दाराशेजारच्या टेबलावर ठेवले. दार अर्धवट उघडे होते. मला सगळे ऐकू येत होते.

सूनबाईने सुरुवात केली ती पार मुळापासून. प्रोग्राम खुला असणे म्हणजे काय, ज्ञान कुणाच्या मालकीचे, कायदा कुणासाठी, पक्षांना कुणाची भीती वाटते. सगळे खरे होते. जेवणाच्या टेबलावर ऐकले होते तेच. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मुद्द्यावर या." ती म्हणाली, "हाच मुद्दा आहे." ती सासऱ्यांच्या गोष्टीपर्यंत पोहोचली आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

"आजोबांना काही सांगायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारले. त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून मला दिसले, काका उभे राहून दाराकडे, माझ्याकडे बोट दाखवत होते. सूनबाई "अहो, ते..." असे म्हणू लागली, तर तिला खाली बसायला सांगितले. काका बोट दाखवत राहिले. अध्यक्षांना वाटले, त्यांना बाहेर जायचे आहे.

"ठीक आहे. यांचं काही म्हणणं नाही, अशी नोंद घ्या."

मी टेबलावर होतो. माझी बॅटरी भरलेली होती.

कायदा झाला. लोकप्रतिनिधींनीही त्याच्या बाजूने हात वर केला. नंतर ते कोटाच्या मापाला आले तेव्हा खाली बघत म्हणाले, "काका, पक्षाचा आदेश होता हो." मी काकांच्या गळ्यातच होतो. त्यांनी एकही बटण दाबले नाही. बाही मोजली आणि टाचणी लावली.

मग उघडलेले डबे जमा करा, नाहीतर खटला भरू, अशी नोटीस आली. सूनबाई लढायचे म्हणत होती. बंड्या एरवी कमी बोलणारा, त्या दिवशी तोही बोलला.

"तुझं एकूण एक मत बरोबर आहे. म्हणून काय तुला तुरुंगात जाताना बघू?"

काकांनी मध्येच मला वाजवले. "मी डबा देऊन टाकतो."

"बाबा, तो तुमचा आवाज आहे!"

"एकदा गेला, सोसलं. तू आत गेलीस तर ते नाही सोसायचं."

सूनबाई उठून आत गेली. त्या दिवसापासून जेवताना भांड्यांचेच काय ते आवाज येत. ती कशावरच काही बोलेना.

जमा करायच्या आदल्या दुपारी तिने फोन माझ्या जाळीशी धरला. "बाबा, जे जपून ठेवायचं ते म्हणा. मी टिपून घेते." काका विचारात पडले. पुढच्या सगळ्या आयुष्यात काय काय म्हणावे लागेल, हे आधीच कसे ठरवणार? त्यांनी साधीच वाक्ये जुळवली. कोण आहे. जेवलास का. हात खाली घ्या. दुखत नाही. बंड्या, ऊठ. मग बोटे थांबली. आणखी काही सुचेना.

जमा करायच्या कचेरीत एक थकलेला कारकून होता. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीच बंद करून द्या." सूनबाई पाठ फिरवून उभी होती. काकांनी बंद करायच्या बटणावर नेलेले बोट मागे घेतले आणि सावकाश अक्षरे जुळवली.

"सूनबाई, तू बोलणं सोडू नकोस."

हे वाक्य फोनमध्ये टिपलेले नव्हते. तिने वळून पाहिले, पण तोवर मी बंद झालो होतो. मला ते पुन्हा म्हणता आले असते तर मी म्हटले असते.

तर मित्रांनो, घरातल्या यंत्रांवरची धूळ तुम्ही पुसता, त्यांना पाण्यापासून जपता, हे चांगलेच आहे. पण एखादे यंत्र फार जिवाभावाचे होण्याआधी एवढे विचारून ठेवा, की याला गप्प करायचे कुणाच्या हातात आहे? आणि कुणाचे काही म्हणणे नाही अशी नोंद घेण्याआधी, तो माणूस कुठे बोट दाखवतो आहे तेवढे पाहा. मला स्वतःला यातले काहीच करता येत नाही.

आम्ही सगळे आता एका लोखंडी कपाटात आहोत. माझ्या शेजारी गाणे शिकवणाऱ्या बाईंचा डबा आहे. त्यांचा आवाज फार गोड होता. मी तो एकदाच ऐकला. डबा दुरुस्त होऊन निघताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या होत्या, "बरं, येते हं."