उसन्या खताचा खड्डा

मी खताचा खड्डा बोलतोय. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. मला लाज वाटते ती वासाची नाही, कौतुकाची.

निलंग्याच्या रस्त्याला एका प्रशिक्षण शेतावर, लिंबाच्या सावलीत मला खणलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कोणत्या गावात जनावरं किती, शेण किती, कोणत्या रानाला खत किती, याचे आराखडे करायला नवे अधिकारी नेमले होते. त्यांना शिकवायला मी. शेजारी पाटी लावली, 'आदर्श खत खड्डा'. पाटी लागली तेव्हा मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण साल दुष्काळाचं. शेतावरचे बैल छावणीत गेलेले. शेणच नाही तर मी भरणार कशानं? थोडा पालापाचोळा पोटात घेऊन मी आ वासून पडलो होतो, आणि शिबिर तोंडावर आलं.

शिकवणारे शिवमूर्ती सर तसे भले. त्यांनी शेजारच्या गुरम्माला बोलावलं. एकटी बाई, दोन म्हशी, तुकडाभर माळरान. गोवऱ्या न थापता, तुराट्यांवर चूल पेटवून तिनं सगळं शेण उकिरड्यात साठवलं होतं.

"अक्का, तुमचं कुजलेलं खत शिबिरापुरतं द्या. नंतर मी स्वतः तुमच्या रानात नेऊन टाकतो."

"मिरगाच्या आधी पायजे बघा, साहेब. खताबिगर माझ्या माळावर काय बी येत न्हाई."

"शब्द देतो, अक्का."

शिबिरात मी काय शोभून दिसलो! सरांनी मूठमूठ खत अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवलं. काळंभोर, भुसभुशीत. "चारा ज्या रानातून आला, त्या रानाला खत परत गेलं पाहिजे," सर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटच्या दिवशी मोठे साहेब आले. "दुष्काळात असा खड्डा! याला हात लावू नका. पुढच्या तुकड्यांनाही हाच दाखवा."

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील की खत गुरम्माचं आहे. ते म्हणाले, "हो, साहेब."

कुंपणापाशी गुरम्मा रिकामी टोपली घेऊन उभी होती.

मृग आला, पेरण्या झाल्या. ती यायची, विचारायची. "वरून परवानगी मागितलीय, अक्का," म्हणताना सरांची मान खाली जायची. तिच्या माळावरची ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, तीही पिवळी. माझ्या काठावरून ती दिसते. नव्या तुकडीचे अधिकारी तिच्याकडे पाठ करून माझ्याबरोबर फोटो काढतात.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे घरची बाई उकिरड्यावर दिवा लावते. दिवेलागणीला गुरम्मा शेणाचा दिवा घेऊन माझ्याकडेच आली.

"अक्का, इथं कशाला?" सर दचकून म्हणाले.

"मग कुठं लावू? घरचा उकिरडा मोकळा हाय. माझी लक्ष्मी हितं हाय."

तिनं माझ्या काठावर दिवा ठेवला आणि मला हात जोडले. सरांनी चपला काढल्या. फावडं मात्र उचललं नाही.

लाज वाटली की माणसं म्हणतात, धरणीनं पोटात घ्यावं. मी तर धरणीच्या पोटातच आहे. मी कुठं जाऊ?

बाबांनो, फोटो पुरे झाले. ती पाटी उपटा आणि मला रिकामं करा. पुढचा मृग यायच्या आत गुरम्माचं खत गुरम्माच्या माळावर जाऊ द्या. मग तुमच्या अधिकाऱ्यांना खुशाल माझा रिकामा तळ दाखवा.