सावलीत ठेवलेली चाकं

रोलरस्कीच्या, म्हणजे उन्हाळ्यात रस्त्यावर चालवायच्या चाकांच्या स्कीच्या, चाकावर नखाने दाबलं की रबरावर एक बारीक खूण उमटते आणि लगेच भरून येते. त्या सकाळी ईदुनच्या चाकावरची खूण भरून यायला थोडा वेळ लागला. मला ते दिसलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या गोष्टी मला दिसतात. पण त्यावर विचार करणार एवढ्यात कोणीतरी हातात कॉफी दिली.

चाकं इतका वेळ होती आमच्या स्की क्लबच्या लाकडी खोलीमागे, उत्तरेच्या सावलीत, दवाने भिजलेल्या गवतात. मीच ठेवली होती. शर्यतीआधी स्की बाहेर गार करत ठेवायच्या, कारण उबदार स्कीला बर्फ चिकटतो, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. नॉर्वेतलं मूल स्की पायात घेऊनच जन्माला येतं म्हणतात. तसं असेल तर त्या स्कीही आईने आधी गार करून घेतलेल्या असणार.

पण हा ऑगस्ट होता आणि शर्यत डांबरी रस्त्यावर होती. पुलापासून आधी नदीकाठाने उतार, मग थोडा सपाट रस्ता, मग वर उन्हाळी गोठ्यांपर्यंत चढ.

ईदुन सोळा वर्षांची. आमच्या वरच्या दरीच्या क्लबात तिच्या वयाचं दुसरं कोणी उरलेलं नाही. काही फुटबॉलला गेली, काहींच्या घरच्यांनी शहर गाठलं. दोन वर्षं ती एकटीच सराव करत होती आणि मी, तिची कोच, सायकलवरून मागे. वसंतात तिने विचारलं होतं, "सिग्रुन, मी खालच्या क्लबात सरावाला जाऊ? इथे असंच चालणार असेल तर मी सोडूनच देईन म्हणते."

"बघू," मी म्हणाले.

खालच्या दरीचा कोच हालवर, तोही भेटला की तेच विचारायचा. त्यालाही मी 'बघू' म्हणायचे. वरच्या दरीतलं माणूस खालच्या दरीत जातं ते फक्त दाताच्या डॉक्टरकडे, आणि तेही दुखणं असह्य झाल्यावर. शिवाय ईदुन गेली की क्लबात उरणार चिमुरडी पोरं, कॉफीचा मोठा थर्मास आणि मी. उन्हाळा असाच गेला.

शर्यतीत आमच्या दोन क्लबांना मागून जायला मिळून एकच गाडी होती, हालवरची. मी त्याच्या शेजारी, मांडीवर जादाच्या काठ्या घेऊन बसले. सगळ्यात पुढे शहराच्या क्लबातल्या मुली होत्या; त्यांच्यामागे हालवरच्या क्लबातल्या दोघी, मारेन आणि आउद, उतारावरून सुसाट निघाल्या. ईदुन त्यांच्याच जोराने काठ्या मारत होती आणि मागे पडत होती.

"तुझी पोरगी ब्रेक लावून चाललीय का?" हालवर म्हणाला.

"तिच्या स्कीला ब्रेक नाहीत."

"म्हणून तर विचारतोय."

मला नखाची ती खूण आठवली. गार रबर दबतं ते चटकन परत येत नाही, चाक जड जातं. हे मी नववीला फळ्यावर आकृती काढून शिकवते.

"हालवर, तुमच्या स्की सकाळपासून कुठे होत्या?"

"डिकीत. गाडी उन्हात होती, काढायला विसरलो. का?" त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "सिग्रुन, तू गार करत ठेवल्यास?"

मी मांडीवरच्या काठ्या सारख्या करू लागले.

"बर्फातल्या स्कीला लावतात तसं मेणही लावलंस का गं?"

तो इतका हसला की गाडी पांढरी रेघ ओलांडून आली.

सपाटीवर वारा समोरून होता. मारेन आणि आउद एकमेकींना पुढे हो, पुढे हो म्हणत रेंगाळल्या आणि ईदुनने त्यांना गाठलं. तोवर तिची चाकं पळून पळून तापली असणार. मी काच खाली केली.

"ए वरची," मारेन ओरडली, "आमच्या शेपटीला लाग, वारा चुकव. दम खा आणि मग पुढे हो, आमचे पाय गेलेत. त्या शहरवाल्या बघ, फिरायला निघाल्यासारख्या चालल्यात."

"तुमचे पाय होते कधी?" ईदुन म्हणाली.

आणि ती हसली. तिच्या नाडीचे ठोके, काठीचा कोन, श्वास कुठल्या चढाला तुटतो, सगळं मला ठाऊक होतं. स्कीवर असताना ती हसते, हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं हसण्यासारखं कोणी शेजारी नव्हतंच. मागे मी होते, शिट्टी घेऊन.

तिघी आळीपाळीने पुढे होत वारा अंगावर घेत गेल्या. चढाच्या निम्म्यावर त्यांनी शहरवाल्यांना मागे टाकलं. शेवटी मारेन ईदुनच्या हातभर पुढे निघाली आणि आउद दोघींना शिव्या घालत मागून आली. तिघी गवतात आडव्या पडल्या.

मी ईदुनला चाकांचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"दवात?" ती उठून बसली. "तू? ऑगस्टमध्ये?"

"पुढच्या वेळी फ्रीजमध्ये ठेव," मारेन म्हणाली. "आमच्याकडे मोठा आहे."

"ते मी आले तर ना," ईदुन म्हणाली आणि बुटाची नाडी सोडू लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

हालवर गरम वॉफल घेऊन आला. तपकिरी चीजचा जाड काप घातलेली एक त्याने माझ्या हातात दिली आणि नेहमीचंच विचारलं, नेहमीच्याच आवाजात, उत्तराची वाट न बघता.

"मग, सिग्रुन?"

ईदुनचे हात नाडीवर थांबले.

"मंगळवारपासून ईदुन तुमच्याकडे सरावाला येईल," मी म्हणाले. "मी घेऊन येईन तिला. आणि स्की डिकीत ठेवून आणीन."