गॅरेजमधलं बेट

केलेपीच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. आधी तिथे शनिवारी काव्हा, ते मुळांचं मातकट पेय, प्यायला माणसं बसायची. मग तिथे एक बेट आलं आणि माणसांना भिंतीला टेकून बसावं लागायला लागलं. बेट लेगोच्या ठोकळ्यांचं होतं. नाव तालाहिवा, भर समुद्रातल्या एका खऱ्या छोट्या बेटाचं. केलेपी तिथेच जन्मला होता, आणि विशीच्या आत ऑकलंडला आला तो इथलाच होऊन गेला.

दिवसा तो विमानतळाजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. सुट्टीच्या दिवशी लोकांची मुलं मोठी झाली की निघणारे जुने ठोकळे पोत्यांनी आणायचा, बाथटबमध्ये धुवायचा, रंगवार निवडायचा. शहरात ठोकळेवाल्यांचा एक क्लब होता. तिथले गोरे दोस्त किल्ले करत, आगगाड्या करत, कुणी अंतराळातलं काहीतरी करत. केलेपीनं एकदा ठोकळ्यांनी बांधलेल्या आपल्या गावच्या चर्चचा फोटो दाखवला, तेव्हा सगळे गप्प राहून बघत बसले. त्याला तेवढं पुरलं. चर्चनंतर पाद्रीबाबांचं घर झालं, मग पाण्याची टाकी, धक्का, मागची टेकडी. पुढच्या हिवाळ्यात क्लबाच्या प्रदर्शनात बेट मांडायचं ठरलं होतं.

पण आठवणीला मागची बाजू नसते. घरं समोरून लख्ख आठवायची, मागचं दार कुठे होतं ते काही केल्या आठवेना. म्हणून नाताळच्या सुट्टीत त्याची मुलगी नानिसे तिकडे आजीकडे जायचं म्हणाली तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

त्याच्या बायकोच्या, लुसिआनेच्या मनात नव्हतं. "बारा वर्षांची पोर. एकटी कशी जाईल?"

"एकटी कुठे? माझी आई आहे ना तिथे. आणि माझं फोटोंचंही काम होईल."

"म्हणजे तुझ्या कामाला जातेय ती."

"तिलाच जायचंय गं," केलेपी हसून म्हणाला होता.

नानिसे मन लावून फोटो पाठवायची. पाद्रीबाबांचं मागचं दार. टाकीचे पाय. मलाकाई आजोबांची किनाऱ्यावरची झोपडी. हा मलाकाई म्हणजे केलेपीचा धाकटा मामा, पायानं अधू, काठीशिवाय दोन पावलं न चालणारा. आजी फोटोत येऊ नये म्हणून तोंड फिरवायची, त्यामुळे अर्ध्या फोटोंत तिची पाठ होती.

त्या शनिवारी दुपारी केलेपीनं लिहिलं, "धक्क्याचे खालचे खांब नीट दिसत नाहीत. समुद्राच्या बाजूनं काढ."

संध्याकाळच्या सुमाराला फोटो आला. खांब मुळापर्यंत उघडे, शेवाळ चढलेले. खाली तिच्या पायाची बोटं, ओल्या वाळूत रुतलेली. सोबत लिहिलं होतं, "पाणी आज खूप मागे गेलंय बाबा. म्हणून सगळे दिसतात."

"शाब्बास. आता पलीकडून एक काढ," असं त्यानं लिहून पाठवलं आणि करड्या ठोकळ्यांचा डबा पुढे ओढला. त्याच्या निरोपापुढे एकच टिक आली. दुसरी आली नाही.

थोड्या वेळानं आभाळात काहीतरी गुरगुरलं. शेजारच्या बाईला वाटलं, कुणीतरी रस्त्यावर कंटेनर उतरवतंय. केलेपी हातात ठोकळा धरून बसला होता. पाणी खूप मागे गेलंय, हे शब्द आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरले. लहानपणी म्हातारी माणसं एकच गोष्ट बजावायची: समुद्र मागे सरला तर मासे वेचायला थांबू नका, पळा. नानिसे इथे जन्मलेली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

समुद्राच्या पोटातला ज्वालामुखी फुटला होता. समुद्राखालून जाणारी फोनची केबल तुटली होती. रेडिओवरचा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की बेटांशी संपर्क नाही. तालाहिवाचं नाव तो घेतच नव्हता. एवढं लहान बेट त्याला माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर तालाहिवाची माणसं घरी न जाता केलेपीकडे आली. कुणी बोलावलं नव्हतं. बायकांनी भांडी आणली, अळूच्या पानांत मांस बांधून लू वाफवायला ठेवलं, चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची कुणाची तरी चटई सोफ्यावर पडून राहिली. पुरुष गॅरेजमध्ये शिरले आणि टेबलाभोवती उभे राहिले. आपलं गाव बघायला दुसरी जागाच नव्हती.

"हे आमचं," एक जण म्हणाला आणि बोट ठेवलं. "इथून चर्चपर्यंत पळायला कितीसा वेळ लागणार?"

"तुझा बाप पळतो होय?" दुसरा म्हणाला.

"जीव वाचवायला डुक्करही पळतं."

पहिल्यानं बोट चर्चपर्यंत ओढत नेलं.

पेनिसिमानी मामा, केलेपीच्या आईचा थोरला भाऊ, काव्ह्याच्या भांड्याजवळ बसून होता. चाळीस वर्षं कत्तलखान्यात घालवून गुडघे गेलेला माणूस. बहीण तिथे, धाकटा भाऊ तिथे. त्यानं टेकडीकडे हनुवटी केली.

"ही एवढीच होती का रे?"

टेकडी तशी नव्हती. हिरवे ठोकळे संपले होते, म्हणून त्यानं ती अर्ध्यावर बंद केली होती. खरी किती होती हे आता सांगता येत नव्हतं. लहानपणी ती आभाळाएवढी वाटायची, पण लहानपणी काय आभाळाएवढं नसतं?

"उंच होती मामा. याहून खूप उंच."

"चर्चच्या मनोऱ्याहून?"

"हो."

"तुला आठवतंय की तुला पाहिजे म्हणून म्हणतोस?"

केलेपी खाली बसला आणि पोत्यातून हिरवे ठोकळे शोधायला लागला. मग निळे, पिवळे, हाताला येतील ते टेकडीवर चढवत गेला. माणसं बघत राहिली. कुणीतरी पुढे होऊन त्याच्या हाती लाल ठोकळा दिला, मग दुसऱ्यानं दिला. टेकडी वेडीवाकडी, रंगीबेरंगी होत मनोऱ्याच्या वर गेली. मामा म्हणाला, "पुरे," तेव्हा हात थांबले.

सोमवारी तो कामावर गेला नाही. मंगळवारीही नाही. फोन उशाशी, खिशात, संडासात. ती एक टिक तो इतक्या वेळा बघायचा की डोळे मिटले तरी दिसायची. निरोप पोचला नसेल तर नानिसे धक्क्यावरून निघाली असेल. आणि पोचला असेल? दुसरी टिक यायच्या आत तिकडचा टॉवर पडला असेल तर? बापानं सांगितलं म्हणून पोर धक्क्याच्या पलीकडच्या बाजूला गेली असेल. तो फोटो त्यानं अजून कुणाला दाखवला नव्हता.

लुसिआनेनं तो स्वतःच पाहिला. केलेपी अंघोळीला गेला होता, फोन वाजला म्हणून तिनं उचलला. फोन क्लबातल्या दोस्ताचा होता, काही मदत हवी का म्हणून विचारत होता. तो ठेवल्यावर तिनं नानिसेचं नाव उघडलं.

केलेपी ओल्या केसांनी बाहेर आला तेव्हा ती गॅरेजमध्ये टेबलापाशी उभी होती. मामा आणि आणखी दोघेतिघे भिंतीला टेकून होते.

"तू तिला पाण्यात पाठवलंस," लुसिआने म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"पाण्यात नाही. पाणी नव्हतं तिथे."

"पाणी नव्हतं." तिनं ते शब्द चाखून पाहिल्यासारखे पुन्हा म्हटले. "माझी पोर समुद्राच्या तळावर उभी आहे, आणि तू लिहितोस शाब्बास."

"लुसिआने, मला कळलं नाही तेव्हा."

"तुला बेटावरचं सगळं कळतं. मागचं दार कुठे ते कळतं. खांब किती ते कळतं." तिनं धक्क्याला हात घातला आणि तो उपटला. ठोकळे फरशीवर सांडले, काही फ्रिजखाली गेले. मग तिनं निळा समुद्र धरला. तळाच्या पट्ट्यांना चिकटलेला तो, निघेना. ती नखांनी ओढत राहिली. नख तुटलं, रक्त आलं, तरी ओढत राहिली. केलेपी मध्ये पडला नाही. तिनं सगळं बेट मोडलं असतं तर बरं झालं असतं, असंच त्याला वाटत होतं.

शेवटी मामा गुडघ्यांवर हात देत उठला आणि त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "पोरी, चल. आत चल. बोट धुऊया." ती गेली.

गुरुवारी हवाई दलाच्या विमानातून काढलेली छायाचित्रं आली. कुणाच्या तरी पुतण्यानं ती मोठी करून टीव्हीवर लावली. राखेखाली सगळं एकाच रंगाचं होतं, ओल्या सिमेंटच्या रंगाचं. झाडं, जमीन, किनारा, कशालाच कड नव्हती. कोणतं बेट कोणतं हेही कुणाला सांगता येईना.

"केलेपी, तू बघ," मामा म्हणाला. "तुलाच कळेल."

त्यानं बघितलं. आधी चर्च सापडलं, छप्पर होतं. चर्चवरून टाकीची जागा, तिथे चार पाय, टाकी नाही. मग त्याला पुढे बोलायचं नव्हतं. पण मागे दारापर्यंत माणसं उभी होती, बायका स्वयंपाकघरातून आल्या होत्या, आणि सगळे टीव्हीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होते. तोंडानं सांगणं त्याला जमेना. तो गॅरेजमध्ये गेला. माणसं मागोमाग आली.

त्यानं किनाऱ्यावरचं पहिलं घर अलगद उचललं आणि खोक्यात ठेवलं. त्यानं दुसरं उचललं. हातात घर घेऊन तो क्षणभर थांबायचा, छायाचित्र पुन्हा आठवून बघायचा, मग ठेवायचा. शाळा राहिली. दुकान गेलं. मलाकाई मामाची झोपडी उचलताना त्यानं पेनिसिमानी मामाकडे पाहिलं नाही. "ठेव रे," मामाच म्हणाला. "दिसत नाही तर ठेव खोक्यात."

एक म्हातारी पुढे आली आणि तिनं आपल्या मुलाच्या घरावर तळहात ठेवला. "हे नको," ती म्हणाली. "याच्याकडे नीट बघितलं नाहीस तू." केलेपीनं मान हलवली आणि ते घर तसंच राहू दिलं. ते छायाचित्रात नव्हतं.

सगळ्यात शेवटी त्याच्या आईचं घर राहिलं. ते त्यानं स्वतः उचललं नाही. लुसिआने गर्दीतून आली, पट्टी बांधलेल्या बोटानं तिनं ते सोडवलं, गरम भांडं धरावं तसं दोन्ही हातांत धरलं आणि खोक्यात ठेवलं. टेबलावर चर्च, शाळा, म्हातारीच्या मुलाचं घर आणि ती रंगीबेरंगी टेकडी एवढंच उरलं. बायकांपैकी कुणीतरी प्रार्थनेचं गाणं धरलं, पण दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला आणि बाकीच्यांनीही सोडून दिलं.

शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. खरखर, मग कुणा बाईचा आवाज, नौदलाच्या जहाजावरून बोलतेय, थोडक्यात बोला. मग परत खरखर.

"बाबा?"

केलेपी भिंत धरून खाली बसला. लुसिआनेनं त्याच्या कानाला कान लावला.

"बाबा, मी आहे. ऐकू येतंय?"

"येतंय. बोल. बोल बाळा."

"मी टेकडीवर होते. आजीनं मला हाक मारली आणि हात धरून वर पळवलं. माझी चप्पल राहिली." ती एका सुरात, धडा म्हणावा तशी बोलत होती. "मग आजी परत गेली. मलाकाई आजोबांना आणायला."

"बरं."

"पण ते वरच होते, बाबा. पाद्रीबाबांच्या मुलांनी त्यांना मागच्या वाटेनं उचलून आणलं होतं. आजीला माहीत नव्हतं. मी खूप ओरडले. तिला ऐकू गेलं नाही." मग थोडं थांबून, "आम्ही तिला काल पुरलं."

लुसिआने तोंडावर हात दाबून रडत होती, आणि ते रडणं सुखाचं होतं. केलेपीला ते कळत होतं, कारण त्याच्याही छातीत आधी तेच उसळलं होतं. पोर आहे. आई गेल्याचं कानावर पडलं तरी ते सुख मागे सरलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो काहीतरी बोलणार तोच त्या बाईनं फोन घेतला. मागे रांग होती.

दोघं तशीच जमिनीवर बसून राहिली. मग लुसिआनेनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "आई गेल्या," ती म्हणाली. त्या घरात ते मोठ्यानं पहिल्यांदा तीच बोलली. केलेपी रडला तो तेव्हा.

गॅरेजमध्ये माणसं होतीच. त्यांना बातमी सांगायची होती, आणि त्यातल्या कित्येकांना अजून काहीच कळलं नव्हतं. केलेपी दारात उभा राहिला. सगळ्यांनी वर पाहिलं.

"नानिसे आहे," तो म्हणाला. "मलाकाई मामा आहे."

पेनिसिमानी मामानं वाट पाहिली. तिसरं नाव आलं नाही.

"कशी गेली?"

"त्याला आणायला खाली गेली. तो वर पोचला होता."

मामानं काव्ह्याची करवंटी उचलली, आपल्या शेजारची जागा मोकळी केली आणि केलेपीला म्हणाला, "लहानपणी आमची आई तिला सांगायची, मलाकाईला सोडून कुठे जाऊ नकोस. इथे बस."

केलेपी बसला. ती म्हातारी टेबलापाशी तशीच उभी होती. "माझ्या मुलाचं विचारलंस का रे?" तिनं विचारलं.

"फोन कट झाला, मावशी," तो म्हणाला. "पुन्हा येईल." त्यानं खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला.

तिनं मान डोलावली आणि खुर्ची ओढून फोनजवळ बसली.